हेडफोनची सिस्टीम, अमळनेर: जानेवारी ते जून २०२४ च्या नोंदी

७ जानेवारी

पोराची दहावी. पेपर मार्चमध्ये, पण घरात कर्फ्यू आजपासून लागू, रात्री नऊनंतर स्पीकर बंद. माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर दुकान आणि रात्री जेवण झालं की घरच्या कॉम्प्युटरवर स्टॉक, उधारी, जीएसटी, आणि हे काम गाणं चालू असल्याशिवाय माझ्याच्याने होत नाही ही जुनी खोड. जास्त करून शास्त्रीय आणि नाट्यगीतं, अधूनमधून कॅसेटवरून उतरवून ठेवलेली अहिराणी गाणी.

आज हातात काय आहे: २०१७ साली जळगावला असेंबल केलेला डेस्कटॉप, मदरबोर्डवरचाच साउंड, आणि ६०० रुपयांचा माईकवाला हेडसेट, तो कॅबिनेटच्या पुढच्या भोकात. आवाज येतो, पण मागे सतत घुंऽऽ, आणि माऊस हलवला की किर्र. रात्री हेडफोनवर ऐकायची सिस्टीम जमवायचं बजेट १५ हजार. मुदत मेअखेर, कारण कपाशीचं बियाणं सुटलं की मला जेवायला फुरसत नसते.

नोंदी ठेवतोय कारण मी शोधत होतो तेव्हा नुसती मॉडेलची नावं मिळाली, कोणी कुठे आपटलं ते कोणीच लिहीत नाही.

१५ जानेवारी

चार जणांना विचारलं, चौघांनी एकच सांगितलं, आधी डॅक घे (कॉम्प्युटरमधल्या फाइलच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), मदरबोर्डचा साउंड कचरा असतो. ७,२०० रुपयांचा डॅक ऑनलाइन मागवला. आकडे भारी होते, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ. माझ्या सगळ्या फाइल्स सीडीवरून काढलेल्या, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, पण ऑर्डर करताना हे डोक्यात येत नाही.

२२ जानेवारी

पार्सल आलं. सुंदर काळी डबी, पुढे आकडे दाखवणारा डिस्प्ले. फिरवून फिरवून बघतोय, हेडफोन लावायचं भोकच नाही!! मागे फक्त दोन आरसीए, टीव्हीच्या मागे असतात तसली गोल भोकं. हा नुसता डॅक आहे, ॲम्प्लिफायर वेगळा घ्यायचा असतो. फोटोत मागची बाजू होती, मी बघितली नव्हती.

मग शहाणपणा सुचला, एका टोकाला आरसीए पिना आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं साडेतीन एमएमचं सॉकेट अशी वायर करू. ज्या अमळनेरात १९४५ साली विप्रो वनस्पती तूप काढायला सुरू झाली त्या गावात मला दोन आरसीए पिना आणि एक सॉकेट एकाच दुकानात मिळेना. शेवटी जळगावला गोलाणी मार्केटची चक्कर, २५० रुपये आणि अर्धा दिवस.

लावलं. आवाज आला पण बेस गेलेला, आणि वाढवला की फाटतो. लाईन आउट हा दुसऱ्या मशीनला सिग्नल द्यायला असतो, समोर हजारो ओहम (विजेच्या अडथळ्याचं माप) आहेत असं धरून बनवलेला. माझा हेडसेट ३२ ओहमचा. त्याला करंट लागतो, तो लाईन आउटमध्ये नाही. या सगळ्यात डबी परत करायची मुदतही गेली.

५ फेब्रुवारी

मध्ये काम बंद. २ ते ४ तारखेला प्रताप कॉलेजच्या मैदानावर साहित्य संमेलन होतं, घरात सहा पाहुणे, माझ्या टेबलावर गाद्यांची चळत. गर्दी ओसरल्यावर पुण्याच्या भाच्याने येताना आणलेली वस्तू उघडली: सेकंडहँड स्टुडिओचा बंद कपांचा हेडफोन, २५० ओहम, ९६ डीबी (एका मिलीवॅटला किती मोठा वाजतो ते), ६,५०० रुपये. भाचा म्हणाला, "मामा, जास्त ओहम म्हणजे जास्त क्वालिटी."

क्वालिटीचं सांगतो. त्याच डॅकच्या त्याच वायरला हा लावला आणि पहिल्यांदा गाणं ऐकल्यासारखं वाटलं. तबल्याच्या बायाची मींड कळते, तानपुरा मागे पसरलेला ऐकू येतो, ऑर्गनचा भाता ओढल्याचा आवाज मला इतक्या वर्षांत माहीत नव्हता. २५० ओहम असल्यामुळे लाईन आउटवर लोड कमी पडला, म्हणून फाटलं नाही. म्हणजे जी चूक ६०० रुपयांच्या हेडसेटबरोबर नडली ती या हेडफोनबरोबर खपून गेली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. ७,२०० चा डॅक आला तेव्हा फरक शून्य, ६,५०० चा हेडफोन आला तेव्हा जमीन-अस्मान. क्रम उलटा झाला माझा.

६ फेब्रुवारी

लगेच हाच हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावून बघितला. आवाज बारीक. डॅकशिवाय चालेल का हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजू म्हटलं.

मोजायची रीत सोपी आहे. ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा साधा टोन बनवायचा, वाजवायचा, भोकात रिकामी पिन घालून एसी व्होल्ट बघायचे, मग त्याच पिनेवर ३३ ओहमचा रेझिस्टर टाकून परत बघायचे. व्होल्ट जेवढे पडतात त्यावरून त्या भोकाचा आतला अडथळा निघतो.

सोपं, पण माझा पिवळा २०० रुपयांवाला मल्टीमीटर. त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्ट, तो एक दशांशापुढे दाखवतच नाही. अर्धा तास मी ०.९, १.०, ०.९ बघत बसलो. मोटार रिवाइंडिंगवाल्या मित्राकडून चांगला मीटर आणला तेव्हा कुठे: रिकामं असताना ०.९८ व्होल्ट, ३३ ओहम लावल्यावर ०.३०. हिशोब केला तर आतला अडथळा ७५ ओहम. आउटपुटचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी हवा असा ठोकताळा आहे, म्हणजे ३२ ओहमच्या हेडसेटला ४. माझा ७५. हेडसेटला सिग्नलचा तिसरा हिस्सा पण मिळत नव्हता, बाकीचा भोकातच जिरत होता.

हा भाग दुकानावर येणाऱ्या एका शेतकरी भाऊंना समजावला, त्यांचा पोरगा असलंच काहीतरी घेतोय. ते म्हणाले ठिबकसारखंच आहे मग. बरोब्बर. व्होल्ट म्हणजे प्रेशर, करंट म्हणजे पाणी. २५० ओहमचा हेडफोन म्हणजे बारीक लांब लॅटरल, पाणी थोडं लागतं पण प्रेशर पाहिजे. प्लॅनर नावाचे हेडफोन येतात, २५ ओहम आणि ९१ डीबीवाले, ते म्हणजे पाटपाणी, प्रेशर कमी चालतं पण पाण्याचा लोंढा पाहिजे. नुसता ओहम बघून पंप ठरत नाही, डीबी पण बघायचा. माझ्या हेडफोनला ११० डीबीच्या कडक टोकापर्यंत जायला २५ मिलीवॅट म्हणजे साधारण अडीच व्होल्ट. त्या प्लॅनरला ८० मिलीवॅट, दीडच्या आत व्होल्ट पण ५५-६० मिलीॲम्पिअर.

११ फेब्रुवारी

ॲम्प घरी बनवायचं ठरलं. सीमॉय नावाचं जुनं साधं सर्किट आहे, एक ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी आयसी), चार-सहा रेझिस्टर, कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी, पत्र्याच्या डबीत मावतं. जळगावला बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे एनई ५५३२ नावाचे ऑप-ॲम्प बरण्यांमध्ये भरून ठेवलेले. आयसी, ती बसवायचं सॉकेट, पार्ट सोल्डर करायचा भोकांचा झिरो बोर्ड, सगळं मिळून ४२० रुपये.

संध्याकाळी सोल्डर केलं, रात्री चालू. पहिल्या फटक्यात! बायको बघायला आली, मी हेडफोन तिच्या कानाला लावला, ती म्हणाली छान आहे पण डावीकडूनच येतंय.

१४ फेब्रुवारी

तीन रात्री गेल्या. दोन भानगडी होत्या.

एक, सर्किटचा गेन ११. म्हणजे आत आलेला सिग्नल ११ पट. डॅक आधीच २ व्होल्ट देतो, त्यामुळे आवाजाचा नॉब जरा हलवला की कान फुटतात, आणि स्वस्त नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा सारखे नसतातच. डावीकडूनच येतंय ते यामुळे. १० के (किलोओहम) चे दोन रेझिस्टर काढून १ के चे टाकले, गेन २ झाला, नॉब आता अर्ध्यापर्यंत जातो, दोन्ही बाजू सारख्या.

दुसरी, मी आणलेला नॉब बी टाइप. ऑडिओला ए टाइप लागतो, बी सरळ चढतो आणि कानाला सगळा आवाज पहिल्या पाव फेऱ्यात येतो. ६० रुपये, पण त्यासाठी परत जळगाव. पिशवीतून घेताना नॉबच्या पाठीवरचं अक्षर वाचून घ्या.

१८ फेब्रुवारी: सगळ्यात मोठा गाढवपणा

९ व्होल्टची बॅटरी चार दिवसांत बसली. म्हटलं कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या पेटीत) १२ व्होल्टची वायर रिकामी लोंबकळतेय, तिथून घेऊ, फुकट. जोडलं. सुदैवाने चाचणीला जुना हेडसेट लावला होता. ठप्प असा आवाज, मग खरखर, मग दहा मिनिटांत डावी बाजू फाटली ती फाटलीच.

का झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. या सर्किटमध्ये गाण्याचा ग्राउंड म्हणजे सप्लायचा मध्यबिंदू, दोन रेझिस्टर लावून कृत्रिम बनवलेला. बॅटरी कशालाच जोडलेली नसते म्हणून ते चालतं. पण एसएमपीएसची काळी वायर आणि डॅकची आरसीएची बाहेरची कडी, दोन्ही कॉम्प्युटरच्या एकाच ग्राउंडला जातात. झालं, मध्यबिंदू आणि मायनस शॉर्ट. आयसीला खालचा सप्लायच उरला नाही आणि आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा व्होल्टेज, येऊन बसला. नंतर मोजला तर १.६ व्होल्ट, जिथे चांगल्या ॲम्पला काही मिलीव्होल्ट असतात. हेडसेटच्या आतला पडदा एका बाजूला ढकलून धरला होता बिचाऱ्याचा.

६,५०० चा हेडफोन लावला असता तर? घरी सोल्डर केलेल्या कुठल्याही ॲम्पला आधी मीटरने डीसी बघायचा, मग भंगार हेडफोन, मग चांगला. नवा हेडसेट ५५० रुपये, कारण पोराचा ऑनलाइन क्लास त्यावरच असतो, आणि त्याने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही.

आता दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, मधला जोड म्हणजे खराखुरा ग्राउंड. कृत्रिम काही नाही.

२५ फेब्रुवारी

ॲम्प शांत, डॅक शांत, तरी घुंऽऽ आहेच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की आवाज बदलतो आणि बोटांना झिणझिण्या येतात. हे झिणझिण्यांचं प्रकरण २०१७ पासूनचं, आम्ही सगळे चप्पल घालून कॉम्प्युटरला बसतो, त्यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटलंच नाही.

मित्राचा मीटर अजून माझ्याकडेच होता. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, ठीक. फेज-अर्थ ९० च्या आसपास, आकडा डोलतोय. ते पण २३० च्या घरात पाहिजे. कॅबिनेटचा पत्रा ते न्यूट्रल १०८. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला लहान कपॅसिटर लावलेले असतात, अर्थ तुटलेली असली की पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो. करंट अगदी थोडा म्हणून माणूस मरत नाही, पण तोच कचरा यूएसबीच्या ग्राउंडमधून डॅकपर्यंत येतो.

वायरमन नाना आले. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थवर लावला, बल्ब लागलाच नाही. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुन्ही आर्थिंग फक्त नावले शे भाऊ."

(हे मीटरचं आणि बल्बचं काम वायरमनला करू द्या. मी मीटर घातला तो शहाणपणा नव्हता.)

३ मार्च

मोरीमागे खणलं. अर्थची जीआय वायर खड्ड्यात उतरायच्या आधीच गंजून तुटलेली, खड्डा कोरडाठाक. नवा पाईप, कोळसा, मीठ, नवी वायर, नानांची मजुरी, सगळं ३,६००. हा खर्च ऑडिओच्या बजेटमध्ये धरायचा की घराच्या यावर दोन दिवस चर्चा, घराच्या खात्यात गेला.

आता फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ १.८. झिणझिण्या बंद. घुंऽऽ साधारण ऐंशी टक्के गेलं, ते पण सगळ्यात साध्या भोकातून ऐकताना सुद्धा! म्हणजे जानेवारीत मी मदरबोर्डच्या साउंडला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या अर्ध्या मोरीमागच्या खड्ड्याला द्यायला हव्या होत्या.

पुढच्या आणि मागच्या भोकात पण फरक आहे. पुढच्याची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या पार्टांच्या जवळून येते, माऊसची किर्र तिथे जास्त. मागच्या हिरव्या भोकात जवळजवळ नाही. हे बघायला शून्य रुपये लागतात आणि मी ते दोन महिन्यांनी बघितलं.

९ मार्च

उरलेला वीस टक्के आवाज रात्री असतो, पहाटे नसतो. आठवडाभर छडा लागेना. फ्रिज बंद केला, राऊटर बंद केला, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. माय तीनदा डोकावून गेली, "हाई काय लायेल शे कानले, हाका मारी मारी थकनू मी."

शेवटी तिनेच सोडवलं, नकळत. गरम होतंय म्हणून तिने पंखा तीनवरून फुल केला आणि आवाज गायब. परत तीनवर, परत र्रर्र. पंख्याचा जुना डिमर टाइप रेग्युलेटर, तो वीज कापून कापून पंख्याला देतो आणि तो कापण्याचा आवाज वायरिंगभर फिरतो. फुलवर कापाकापी नसते. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला, २८० रुपये, खटक्याने फिरतो. शांत.

१७ मार्च

आवाज स्वच्छ झाल्यावर आता सॉफ्टवेअर. विंडोज सगळे आवाज एकत्र करून स्वतःच्या ठरलेल्या रेटला बदलून पाठवतं, माझ्याकडे ते ४८ किलोहर्ट्झवर होतं आणि फाइल्स ४४.१. फूबारमध्ये (गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर) आउटपुट एक्सक्लुझिव केलं की फाइल आहे तशी डॅकला जाते. फरक ऐकू आला का? नाही. पण दुकानाचं सॉफ्टवेअर मध्येच टुंग करतं ते गाण्यात येणं बंद झालं, माझ्यासाठी एवढं पुरे.

मग इक्वलायझर एपीओ टाकलं, आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या वर-खाली करायचं सॉफ्टवेअर. या हेडफोनला वरच्या पट्टीत एक टोचरा उंचवटा आहे, सतारीचं नख कानात घुसतं, तिथे चार डीबी उतरवले. किती गोड झालं म्हणून सांगू! तीन रात्री खूश होतो, जरा इकडे अर्धा डीबी, जरा तिकडे, प्रत्येक बदल मला स्पष्ट ऐकू येत होता.

चौथ्या रात्री चुकून सगळ्या पट्ट्या शून्यावर गेल्या आणि काहीच बदललं नाही. एक्सक्लुझिव मोडमध्ये गाणं विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून जातं, आणि एपीओ बसतं मिक्सरमध्ये. म्हणजे तीन रात्री मी जे काही ऐकलं ते फक्त माझ्या डोक्यात.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. आता एक्सक्लुझिव बंद, विंडोज ४४.१ वर, एपीओ चालू, आणि प्रीॲम्प (त्यातली एकूण आवाजाची पातळी) वजा पाच, कारण कुठे पट्टी वाढवली तर डिजिटलमध्येच आवाज फाटू शकतो. या वेळी खरंच फरक आहे, पोराकडून डोळे मिटून खात्री करून घेतली.

३१ मार्च

पोराची परीक्षा संपली, २६ तारखेलाच. बायको म्हणाली, "अहो, आता लावा ना स्पीकर." मी काही बोललो नाही.

पोरगा मोकळा असल्याने त्याला कामाला लावलं. त्याच्या मित्राने ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोनवाला छोटा डोंगल आणला होता, ९०० रुपयांचा, त्यातच बारीक डॅक आणि ॲम्प असतो. माझ्या कॉम्प्युटरला सी पोर्ट नाही म्हणून १५० चं अडॅप्टर. मोजला: रिकामा १.० व्होल्ट, ३३ ओहमवर ०.९७, म्हणजे आतला अडथळा सुमारे १ ओहम. शेपटीएवढ्या वायरीला! (बऱ्याच अँड्रॉइड फोनना लावला तर आवाज फार हळू येतो. कॉम्प्युटरवर पूर्ण येतो. फोनवर ऐकून त्याला नावं ठेवू नका.)

मग सामना. एकीकडे ७,२०० चा डॅक आणि माझा सीमॉय, दुसरीकडे डोंगल. दोन्हीचा आवाज मीटर लावून ०.३० व्होल्टला सारखा केला, हे फार महत्त्वाचं, जरासा मोठा असलेला नेहमी चांगला वाटतो. पोरगा पाठीमागे उभा राहून नाणं उडवून वायर बदलणार, मी भिंतीकडे तोंड करून सांगणार. सोळा वेळा. बारा बरोबर आले तर म्हणायचं काहीतरी ऐकू येतंय.

नऊ आले. नाण्याने आठ आणले असते.

फूबारच्या एबीएक्समध्ये (कोणती फाइल वाजतेय ते न दाखवता ओळखायला लावणारी चाचणी) ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि मूळ फाइल असाही सामना केला, तिथेही नऊ. १२८ वर मात्र पंधरा, टाळ आणि झांज लगेच चिरकतात. हे माझ्या छप्पन्न वर्षांच्या कानांचं सांगतोय, तुमचे वेगळे असतील.

१४ एप्रिल

डॅक विकला, ५,२०० ला, धुळ्याच्या एका पोराने घेतला. त्याला विचारलं, ॲम्प आहे ना? आहे म्हणाला. एकदा नाही, दोनदा विचारलं.

पोराच्या मित्राचा डोंगल परत दिला आणि आपला नवा घेतला.

२ मे

ऊन. ४३. हेडफोनच्या रेग्झिनच्या गाद्या कानाला चिकटतात, वीस मिनिटांत घामाचे ओघळ. मखमली गाद्या मागवल्या, ९०० रुपये. घाम कमी झाला, पण बेस पण कमी झाला. मखमलीतून हवा निसटते, बंद कपाचा बेस त्या हवाबंदपणावरच उभा असतो. एपीओमध्ये खालून तीन डीबी वाढवले, प्रीॲम्प तेवढा आणखी उतरवला.

धुळ्याचा मित्र म्हणाला एवढा त्रास कशाला, उघड्या कपांचा घे, वारा लागतो. आठवड्यासाठी त्याचा आणला. आवाज मोकळा, कान थंड, मला फार आवडला, जानेवारीत मिळाला असता तर तोच घेतला असता. पण खोलीत कूलर. उघड्या कपातून कूलर जसाच्या तसा आत येतो, तानपुऱ्याच्या जागी कूलरच ऐकू येतो, आणि मग माणूस आवाज वाढवत जातो. कूलरवर मात करायला वाढवलेला आवाज कानाला भोवतो. खान्देशात मार्च ते जून रात्री कूलर लागणारच, मग उघडा हेडफोन आठ महिन्यांचाच गडी. परत केला.

लाईट गेली की अजून एक गंमत. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला, त्यावर पंखाच घूंऽऽ करतो. ते हेडफोनमध्ये येत नाही, खोलीत येतं. बंद कप बरे पडतात.

११ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरभर लेकी-जावई, ओट्यावर पत्त्यांचा डाव, अंगणात झोका, आमरसाची पातेली. मोठ्या जावयांनी हेडफोन लावून अहिराणी गाणं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "मामा, आवाज भारी आहे, पण बेस डीजेसारखा नाही." बरोबर आहे त्यांचं.

२० मे

४५ च्या वर. घुंऽऽ परत आलं, बारीक. न्यूट्रल-अर्थ मोजलं तर ९ व्होल्ट. नानांना फोन केला, ते हसले, "खड्डामा पानी टाकत जाय, नहीते काही उपेग नही." माती वाळली की अर्थिंग बसते. दोन बादल्या ओतल्या, संध्याकाळी ३ व्होल्ट, आवाज गेला. आता दर रविवारी मोरीमागे एक बादली, हे काम पोराकडे. गाणं ऐकायला खड्ड्याला पाणी घालावं लागतं हे त्याच्या मित्रांना पटत नाही.

डोंगलची एक कमतरता पण सापडली. जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजात भरलेली, एक व्होल्ट तिथे कमी पडतो, विंडोज १०० वर नेऊनसुद्धा. अशा वेळी डोंगलच्या पुढे सीमॉय जोडतो. आठवड्यातून एखादवेळ लागतो, त्यामुळे बॅटऱ्या टिकतात.

९ जून

हिशोब, कारण विचारणारे तोच विचारतात. डॅक ७,२००, हेडफोन ६,५००, गाद्या ९००, सीमॉय त्याच्या नॉब आणि चार बॅटऱ्यांसकट ६८०, डोंगल आणि अडॅप्टर १,०५०, मारलेल्या हेडसेटच्या जागी नवा ५५०, फुकट गेलेली आरसीए वायर २५०. डॅकचे ५,२०० परत आले. निव्वळ ११,९३०. घराच्या खात्यात अर्थिंग आणि रेग्युलेटर ३,८८०. जळगावच्या चकरांचं पेट्रोल धरलेलं नाही. टेबलावर रोज जे वापरतो ते फक्त हेडफोन, गाद्या आणि डोंगल, ८,४५० रुपयांचं.

परवा पहिला पाऊस पडला, कूलर गच्चीवर गेला. न्यूट्रल-अर्थ १.५, बादली बंद. दुकानात बियाण्याची गर्दी सुरू झालीय, रात्री अकराला घरी येतो, कालची एन्ट्री करायला बसलो तर हेडफोनच्या वायरची डावी बाजू पिनेपाशी मुडपली की जाते. नवी पिन आणलीय, सोल्डर करायला जुलै उजाडेल. तोवर पिनेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय, चालतंय.